बावीस ग्रॅम

डुकराला घाम येत नाही.
हे मला लग्नानंतर कळलं,
साकेगावच्या अलीकडे, खडी-क्रशरच्या मागे,
जिथे आमची अकरा जनावरं
मे महिन्यात वाघूरच्या कोरड्या पात्रात नाक खुपसून
कुठे ओल उरलीय का बघतात.

नवऱ्याच्या सदऱ्यावर संध्याकाळी मीठ फुलतं,
झटकलं तर पडेल असं.
त्यांच्या अंगावर काहीच फुलत नाही.
आत गेलेलं ऊन
तोंडानेच बाहेर टाकायचं.

भवरी गाभण होती.
दुपारी दोनला तिच्या कुशीवर डोळा ठेवून
मी श्वास मोजायचे.
दीपनगरला कोळसा नेणारी मालगाडी त्याच वेळेला,
अठ्ठावन्न डबे.
एका डब्यामागे तिचे दोन श्वास.
पुढ्यात रावेरची डागाळलेली केळी, गव्हाचा कोंडा,
हॉटेलातलं शिळं,
आणि ती तोंड फिरवून.

भुसावळला गेले. गुरांच्या औषधांचं दुकान.
पुड्यांवर गाय होती, म्हैस होती,
तुरेवाला कोंबडा होता.
डुकराचं चित्र एकाही पुडीवर नव्हतं.
"कायले पाह्यजे व?"
मी म्हटलं, "गाईले."
का म्हटलं ते माहीत आहे मला.
त्याने गाईचं माप सांगितलं,
मी गाईचं माप घातलं,
आणि भवरी दोन दिवस पातळ हागली.

पुन्हा गेले.
"डुकरांले," म्हटलं. जरा मोठ्यानेच.
शेजारच्या गिऱ्हाइकाने पिशवी उचलून
दुसऱ्या हातात घेतली.
दुकानदाराने चष्मा पुसला.
"मंग पह्यलेच सांगायचं ना व.
तिचं माप वेगळं, गाईचं वेगळं."
नवी पुडी दिली, बीटेन की काय,
आतड्यातलं पाणी धरून ठेवतं म्हणाला.
सोबत क जीवनसत्त्व, खायचा सोडा चिमूटभर.
आणि दुपारी काही घालू नको,
पचवतानाही अंगात चूल पेटते.
एवढं तर मला स्वयंपाकाच्या वेळी रोज कळतं.

पुडीवर लिहिलं होतं: टनाला एक किलो.
माझ्याकडे कुठला टन?
अकरा तोंडांचं रोजचं बावीस किलो.
म्हणजे बावीस ग्रॅम.
एवढंसं मोजणारा काटा
अख्ख्या बाजारात एकाच जातीच्या दुकानात असतो.

सोनार आधी हसला.
मग काचेच्या पेटीतल्या काट्यावर
पावतीचा कागद अंथरला.
"बावीस म्हणजे दोन तोळे वर दोन ग्रॅम,"
तो सवयीने म्हणाला,
आणि फुंकर बसू नये म्हणून
आम्ही दोघांनी श्वास धरला.
पांढरी पूड. आकडा थरथरला, थांबला.
माझ्या गळ्यात तेव्हा काळी पोतच होती,
तिच्यातलं सोनं त्याने विचारलं नाही.
ती पूड मी बाटलीच्या बुचात ओतली,
बरोबर जिथे आली तिथे
नखाने आतून रेघ ओढली.
आता तेच माझं माप.

पहाटे चारला उठते.
क्रशर बंद असतं, दगडसुद्धा थोडे निवलेले.
बूच रेघेपर्यंत, कोंड्यात कालवायचं,
माठातलं पाणी, दोन केळी कुस्करून,
कारण नुसती पूड तिला कळते.
नवरा अंधारातून म्हणतो,
"मलाही टाक चमचाभर."
"तुला घाम येतो," मी म्हणते.
तो गप्प. मग लिंबू कापून त्याच्या तांब्यात पिळते,
मीठ घालते, मापाशिवाय.

एक पिल्लू गेलंच. सातांतलं.
सगळ्यात लहान होतं,
त्याला पुडीचा काय उपयोग होणार होता.
त्या दिवशी पारा सत्तेचाळीसला होता
असं क्रशरच्या मुकादमाने मोबाईलवर बघून सांगितलं,
जणू आम्हाला सांगायला हवं होतं.

पण काल दुपारची मालगाडी गेली तेव्हा
मी सवयीने कुशीकडे बघितलं.
डबा, श्वास.
डबा, श्वास.
चाळिसाव्या डब्याला माझी गणती चुकली,
कारण भवरी उठली होती
आणि रिकामं घमेलं
नाकाने ढकलत ढकलत
माझ्याकडे आणत होती.